अंगावरचं दूध

“सव्वा महिना व्हयना नही आन् तू तिले गाडीवर घाली लई चालनी? लोके काय म्हनतीन?” कोकिळाची सासू भागाबाई ओट्यावरून म्हणाली.

“म्हनू द्या, इहीनबाई. लोकेस्ना तोंडले काय मुसकं बांधता येस का?”

कोकिळाची माय धुरपदाबाई अंगणात उभी होती. हातात बैलांचा कासरा, आणि डोक्यावरचा पदर असा घेतलेला की तो उन्हासाठी आहे, माणसांसाठी नाही, हे बघणाऱ्याला लगेच कळावं.

अठ्ठ्याऐंशी सालची आखाजी तोंडावर आली होती. आखाजीला खानदेशात सासुरवाशीण माहेरी जाते आणि तिला न्यायला मुऱ्हाळी येतो. मुऱ्हाळी म्हणजे भाऊ. भाऊ नसला तर चुलता, चुलत्याचा पोरगा, अगदीच कुणी नसलं तर गावातला एखादा शहाणा गडी. बाई मुऱ्हाळी होऊन आलेली चिंचगव्हाणात कुणी पाहिली नव्हती. ही सांजोरीहून एकटी गाडी हाकत आली होती.

“घरमा गडी नही का कोनी?” जीवराम आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खांबाआडून विचारलं.

“शे ना आबा, एकच शे. हाल्या. पन त्याले गाडी हाकता येत नही.”

शेजारच्या ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं. आबा उठून मागच्या दारी गेले.

हाल्या म्हणजे रेडा. धुरपदाबाईचा नवरा वारला तेव्हा घरात तीन एकर कोरडवाहू, एक पोरगी आणि हा हाल्याचा धंदा, एवढंच राहिलं. आजूबाजूच्या गावांतून माजावर आलेल्या म्हशी लोक सांजोरीला आणायचे. भाऊबंद म्हणाले, हाल्या इकी टाक, बाईमाणसाचं काम नाही. ती म्हणाली, काम हाल्यानं शे, मन्हं नुसतं दावं धराचं शे. आणि तिनं दावं धरलं. गडीमाणसं उभी असायची, म्हैस खुंट्याला असायची, आणि ही मधे उभी राहून ‘सरक तिकडे’ म्हणायची. कोकिळा तेव्हा शाळेत जात होती. पोरी तिला ‘हाल्यावालीनी’ म्हणायच्या. म्हैस आली की ती घरात जाऊन दार लावून घ्यायची. सासरी आल्यावर हे सुटेल असं तिला वाटलं होतं.

सुटलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण भागाबाईनं धाडलं नाही. “तठे दिवसभर म्हशी फळाडतस. त्या घरमा मन्हा नातू जल्मी का?” नातू चिंचगव्हाणातच जन्मला. नाळ मानेभोवती होती. सुईण दुसऱ्या गावाला गेली होती. ती येईपर्यंत तो निळा पडला होता. कोकिळाला दिसली ती फक्त फडक्यात गुंडाळलेली एक लांबट वस्तू आणि ती घेऊन दारातून वाकून बाहेर जाणारा नवरा, सुकदेव.

तेव्हापासून ती नुसती बसायची. सांगितलं तर उठायची, सांगितलं तर जेवायची. रडायची मात्र नाही. बाया दारावर बसायला आल्या, गळे काढून गेल्या, आणि जाताना ‘पोर दगडनी शे’ म्हणून गेल्या.

“लई जा,” शेवटी भागाबाई म्हणाली. “आठे बसी राहस, तठे बसी राही.”

वैशाखाचं ऊन. वाटेवरचा फुफाटा चाकांबरोबर उठायचा आणि मागं तसाच लोंबकळत राहायचा. नांगरून पडलेली काळी रानं भेगाळली होती. भेगेत हात जाईल एवढी एकेक भेग. कोकिळाला वाटलं, आता माय विचारील. कसं झालं, कुणासारखा होता, तुझा जीव कसा आहे. निम्मी वाट सरली तेव्हा धुरपदाबाईनं मागं न बघता विचारलं, “दूध येस का?”

“येस.”

“कथा टाकस?”

“चुल्हानी राखमा.”

धुरपदाबाईनं जीभ टाळ्याला लावून चुक् असा आवाज केला. तो बैलांसाठी होता की कशासाठी, कळलं नाही. मग सांजोरी येईपर्यंत तिनं बैल हाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेजारच्या जुबेदाला घेऊन घरात आली. जुबेदा पिंजारीण. दोघा नवरा-बायकोचा गाद्या-रजया भरायचा धंदा, म्हणून तिच्या केसांत बारा महिने कापसाची तूस असायची. तिची लेक सलीमा बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळंतपणानंतर तिला मुदतीचा ताप आला. ती धुळ्याला दवाखान्यात पडून होती. तिचं पोर जुबेदाच्या हातात होतं. शेळीचं दूध कापसाच्या वातीनं पाजून पाहिलं, म्हशीचं पाणी घालून पाजून पाहिलं. पोटात काही ठरत नव्हतं.

“पाज त्याले,” धुरपदाबाई म्हणाली.

“कोनले?”

“यालेच. आखो कोन शे आठे?”

कोकिळानं पोराकडं पाहिलं. ते रडत नव्हतं, रडण्यासारखं तोंड करत होतं. टाळू आत गेली होती. जुबेदानं त्याच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली, हळूहळू बसली.

कोकिळा लहान असताना घरच्या म्हशीचं पारडू मेलं होतं. म्हैस दूध चोरायला लागली. मायनं पारडाचं कातडं सोललं, मीठ लावून वाळवलं, आत कडब्याचा पेंढा भरला आणि ते म्हशीपुढं उभं केलं. म्हैस ते चाटायची आणि खाली धार सुटायची. कितीतरी दिवस कोकिळा त्या घरात दूध प्यायली नव्हती.

“माय,” ती म्हणाली, “म्हशीले पेंढानं पारडू दावनंतं तू, तसंच माले दावी राहिनी का?”

जुबेदानं मान खाली घातली. धुरपदाबाईचं तोंड हललं नाही.

“ते पेंढानं व्हतं. हाऊ जित्ता शे. आन् तू म्हस नही. नको म्हनशी ते मी जुबेदाले सांगी दिसू, तिनी ती जाई. पन लवकर सांग. त्यानाकडे टाईम नही.”

“बेटा, जबरदस्ती नही,” जुबेदा म्हणाली. “तुन्हा सासरले समजनं ते तुन्हं घर मोडी. माले समजस ते.”

“मोडाले घर लागस, काकू,” कोकिळा म्हणाली आणि हात पुढं केले.

पोराला आधी तोंडात काय आलं तेच कळलं नाही. मग कळलं. लोकांकडून कोकिळानं ऐकलं होतं की पाजताना बाईला काहीतरी होतं, पान्हा फुटतो तसं आतलं काही फुटतं. ती वाट बघत बसली. ओढ जाणवत होती, दोर ओढल्यासारखी. दुसऱ्या बाजूनं चोळी भिजत होती. पोराच्या कानामागं कापसाचा एक धागा चिकटला होता. तो तिनं काढून टाकला. बाकी काही झालं नाही. पोर पीत राहिलं. जुबेदा भिंतीकडं तोंड करून रडली. धुरपदाबाई बाहेर निघून गेली, कारण दारात कुणीतरी म्हैस घेऊन आलं होतं.

आखाजीच्या दिवशी निंबाला झोके बांधले गेले. कोकिळाबरोबरच्या पोरी माहेरी आल्या होत्या. पहिल्या दिवशी दोघी-तिघी भेटायला आल्या, मांडीवरचं पोर पाहून पाणीही न घेता उठल्या, मग कुणी आलं नाही. झोक्यावरची गाणी घरात ऐकू यायची. पोर दर दोन-तीन तासांनी उठायचं. चार दिवसांनी त्याची कातडी धरली तर लगेच बसायला लागली. आठ दिवसांनी ते ओरडायला लागलं, पहिल्यांदा नीट, गल्लीत ऐकू जाईल असं.

गल्लीनं ऐकलंच. हापशीवर लिलाबाई घागर ठेवता ठेवता बायांना म्हणाली, “आते हाल्यावालीना घरमा दूधबी भेटस म्हने. जात पुसाव नहीत, धरम पुसाव नहीत.”

“भेटस ना,” मागून धुरपदाबाई म्हणाली. “तुले पाहिजे का? तोंड उघाड.”

बाया हसू लपवायला घागरींवर वाकल्या. लिलाबाई म्हणाली, “बाटाडी टाकी पोरले, आन् हसस वरतून.”

“आपलं ठेवस झाकी, दुसरानं देखस वाकी. घागर भरनी तुन्ही, वाही चालनी. उचल.”

बातमी चिंचगव्हाणला पोचायला फार दिवस लागले नाहीत. सुकदेव सकाळच्या एसटीनं आला. वाईट माणूस नव्हता तो. बापापुढं बोलायची सवय नसलेला, एवढंच. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, टोपी काढली, परत घातली. समोर कोकिळा पोराला मांडीवर घेऊन होती. पदर घेतला होता, पण लपवलं नव्हतं.

“खरं शे मंग,” तो म्हणाला.

“मी सांगं तिले,” धुरपदाबाई म्हणाली. “जे बोलनं ते माले बोला, जवाई. पोर घुमी व्हयेल शे, तिले काय समजस.”

“मायनी सांगं,” कोकिळा म्हणाली. “पन पाजं मी. माले समजी राहिनतं.”

धुरपदाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग काही काम नसताना गोठ्याकडं गेली.

सुकदेवनं टोपी परत काढून मांडीवर ठेवली. “आबा म्हनतस, तापीमा आंग धोयाशिवाय घरमा पाय ठेवाना नही.”

“धोसू. पन आते नही. सलीमा येवाले आखो टाईम शे.”

“आते नही म्हनशी ते आबा मंग काय करतीन, माले सांगता येत नही.”

“माले बी नही.”

पोर पिऊन झालं. ते खांद्यावर घेऊन ती पाठ थोपटत होती. थोपटता थोपटता तिनं विचारलं, जसं कुणी एसटीची वेळ विचारतं तसं, “आपला कसा दिसे?”

सुकदेव समजला. त्यानं पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचं शेण खरवडलं.

“माले नही माहीत.”

“तू लई गयता ना.”

“लई गयतू. पन फडकं सोडं नही मी. सोडाले हात ऊना नही.”

म्हणजे त्यानंही पाहिलं नव्हतं. सुईणीनं पाहिलं असेल, पण तिनं तर शंभर पाहिलेली असतात. कोकिळानं मान हलवली. सुकदेव दुपारच्या एसटीनं परत गेला. ‘येस’ म्हणाला, पण कधी ते बोलला नाही.

मे महिना संपता संपता सलीमा आली. तिचा नवरा कादर तिला टेम्पोत गादीवर निजवून घेऊन आला. डोक्यावरचे केस गेलेले, मनगटं काटकीसारखी. दवाखान्यात सांगितलं होतं, पोराला लावत राहा, दूध परत येईल, पण दुसरीकडं पाजू नका. जुबेदा येऊन पोर घेऊन गेली. जाताना कोकिळाच्या पायाला हात लावायला वाकली, तर कोकिळानं पाय मागं घेतले.

संध्याकाळी पलीकडच्या घरातून रडणं सुरू झालं. मधे एकच मातीची भिंत. पोर आईला धरत नव्हतं. त्याच्या लेखी ती कुणीतरी परकी बाई होती. ते ओरडलं तशी कोकिळाची चोळी भिजली. तिनं काही केलं नव्हतं. आवाज कानात गेला आणि दूध सुटलं, एवढंच. ती चुलीपुढं भाकरी थापत होती, थापत राहिली.

अंधार पडायच्या आधी जुबेदा दारात आली. पोर हातात, लाल झालेलं, घामानं भिजलेलं.

“एकडाव पाज बेटा. फकत एकडाव. त्याना गळा सुकी गया.”

कोकिळानं मायकडं पाहिलं. धुरपदाबाई सुपातले दाणे निवडत होती. या वेळी ती ‘पाज’ म्हणाली नाही, ‘नको’ही म्हणाली नाही. हात मात्र थांबले होते.

पोरानं कोकिळाचा वास ओळखला. जुबेदाच्या हातातूनच ते तिच्याकडं वळलं, तोंड उघडून.

“नही काकू,” कोकिळा म्हणाली. “आज पाजं ते तो तिले कव्हय धराव नही. लई जा. भूक लागू द्या त्याले. लावत ऱ्हा.”

“मरी जाई वं ते!”

“मराव नही. आते त्यानामा जीव शे. लई जा.”

जुबेदा गेली. कोकिळानं दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली. भिंतीपलीकडं रडणं पुन्हा सुरू झालं. मधेच सलीमाचा बारीक आवाज, मग कादरचा, मग पुन्हा पोराचा.

“तुले माहीत व्हतं ना माय? हायी व्हई म्हनीसन?”

“व्हतं.”

“पह्यला दिनले माहीत व्हतं?”

“गाडीमा बसनी तव्हयच.”

“मंग?”

धुरपदाबाईनं सूप बाजूला ठेवलं. “मंग काय. एक पोर जगनं. तुले इचारतू ते तू नही म्हनती, आन् नही म्हनती ते बी तुन्हं खरं राहतं. मी इचारं नही.” मग ती म्हणाली, “माले इचारता येत नही वं कोनले. मी जनावरंस्मा ऱ्हायनी.”

कोकिळाला राग यायला हवा होता. ती त्याचीही वाट बघत उभी राहिली.

धुरपदाबाईनं जुन्या लुगड्याचं काठाकडचं धडोतं काढलं आणि दातांत धरून उभं फाडलं. लांब पट्टी निघाली. “चोळी सोड. बांधं म्हंजे दूध आटी,” ती म्हणाली. छाती दगडासारखी टणक झाली होती. मायनं पट्टी एका काखेतून घातली, पाठीवरून फिरवली, परत पुढं आणली. तिची बोटं राठ होती, दाव्यानं घट्टे पडलेली, पण पट्टी कुठं दुमडली नाही. पाठीशी बसून तिनं दोन्ही टोकं हातात धरली आणि ओढली. कोकिळाच्या तोंडून एकदम आवाज निघाला.

“दुखस का?”

“दुखस.”

“ढिलं करू?”

पलीकडचं रडणं एकदम थांबलं. दोघींनी कान दिला. पोरानं आईला धरलं होतं की दमून झोपलं होतं, भिंतीच्या या बाजूनं कळायला मार्ग नव्हता. दोघींतली कुणीच बघायला उठली नाही.

“नको,” कोकिळा म्हणाली. “आखो घट वढ.”

मायनं गुडघा तिच्या पाठीला टेकवला आणि ओढलं.