एकोणचाळीस पायऱ्यांखालची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. वरच्या हॉलमध्ये पांढरा झगा घालून, पाठीला बो बांधून मिरवतात ना, त्या माझ्या सख्ख्या बहिणी. आतून माझ्यासारख्याच प्लॅस्टिकच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

एकाच साच्यातून निघालो आम्ही. चार वर्षं मीही वर होते. मग एका लग्नात नवऱ्याचे मामा माझ्यावर उभे राहून नाचले आणि माझा पाय चिरला. नाचले ते, हाकललं मला. वॉचमनकाकांनी पायाला तारेचे तीन वेढे दिले आणि जिन्याच्या पायथ्याशी ठेवून घेतलं.

तेव्हापासून हॉल बघायला येणारी माणसं मी बघते. कुणी येताच टाळी वाजवून आवाज घुमतो का बघतो. घुमला तर काय आणि नाही घुमला तर काय, हे त्यालाही ठाऊक नसतं. कुणी भिंतीवर टकटक करतो, जसं काही कलिंगडच घ्यायला आलाय. कुणी एसी किती टनाचा ते विचारतो आणि सगळं समजल्यासारखी मान डोलावतो.

एकदा तिघं आली. थोरला भाऊ, त्याची बहीण आणि तिचा नवरा. त्यांच्या आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आईनं छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली, शेवटी हेडनर्स. जावयाच्या हातात कागद होता. त्यावर अकरा हॉलची नावं आणि पुढे रकाने: पार्किंग, एसी, लायटिंग, सेल्फीची जागा.

"आईला कुणी बोलायचं नाही हं," भाऊ म्हणाला. "सरप्राइज आहे."

तेवढ्यात बहिणीला जिना दिसला. "अय्या दादा, जिना बघ ना! आई मधे, आपण सगळे आजूबाजूला. फोटो काय येईल!"

झालं. जिना आवडला म्हणजे हॉल ठरला. वॉचमनकाका दबकत म्हणाले, "साहेब, लिफ्ट नाहीये बरं का. पायऱ्या एकोणचाळीस आहेत. म्हाताऱ्या माणसांना..."

"काका," जावई कागदावर बोट ठेवत म्हणाला, "लिफ्टचा रकानाच नाहीये आमच्याकडे."

आणि तो दिवस उजाडला. संध्याकाळी आईला गाडीतून उतरवलं ते डोळ्यांवर रुमाल बांधून. रुमाल सोडला, तर समोर जिना! कठडा धरून बिचारी चार पायऱ्या चढली. पाचवीवर थांबली. चेहरा पांढराफटक.

"नाही रे जमणार, बाळा."

"उचलून नेतो ना!"

"खबरदार! आयुष्यभर मी माणसं उचललीत. मला कुणी उचलायचं नाही."

ती हळूहळू उतरली आणि माझ्यावर टेकली. माझा तारेचा पाय कुरकुरला. माझा जीव मुठीत! मोडायचंच असेल तर उद्या मोड, आज नाही, असं मीच माझ्या पायाला बजावलं.

मग पाहुण्या आल्या. सगळ्या तिच्याबरोबरच्या नर्स, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. कुणाच्या हातात काठी, कुणाची कंबर वाकलेली. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबल्या. एकीनं आईचा गुडघा दाबून बघितला आणि भावाकडे वळून म्हणाली, "पेशंट न तपासताच ऑपरेशन केलंस की रे!"

सगळ्या खो खो हसल्या. आईसुद्धा हसली, पण तिचे डोळे भरून आले होते.

वर हॉलमध्ये तयारीत थांबलेल्या जावयाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं माइक हातात घेतला आणि लाउडस्पीकर खालपर्यंत दणाणला, "आईंसाठी आम्ही शहरातले अकरा हॉल पाहिले!"

"अकरा हॉल पाहिले," आई हळूच म्हणाली, "माझा गुडघा नाही पाहिला कुणी."

बहीण मटकन पायरीवरच बसली. "आई, चुकलंच गं आमचं."

मग भावानं आणि वॉचमनकाकांनी वरच्या खुर्च्या खाली आणायला घेतल्या. ओढाताणीत झगे सुटले, बो निसटले आणि माझ्या बहिणी जशा होत्या तशा खाली आल्या. खोटं कशाला बोलू, मला भारी बरं वाटलं. मॅनेजर धावत आला, "इथे बसायची परवानगी नाही!" आईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हेडनर्सची नजर ती! तो गुपचूप वर गेला आणि येताना स्वतःच दोन खुर्च्या घेऊन आला. पाठोपाठ केक उतरला आणि त्यामागून जावई, हातात तोच अकरा हॉलचा कागद.

फोटोवाला म्हणाला, "आजी, ही तुटकी खुर्ची बदलू या का?"

"राहू दे," आई म्हणाली. "आज हिनंच सांभाळलंय मला."

त्या फोटोत मधोमध मी आहे, तारेसकट. मागे तो सुंदर जिना, पार रिकामा.

अजूनही मी इथेच आहे. पाय फार दिवस टिकेल असं वाटत नाही, म्हणून आत्ताच सांगते. हॉल बघायला खुशाल या, हव्या तेवढ्या टाळ्या वाजवा. पण ज्याच्यासाठी एवढं चाललंय त्याला सोबत आणा, घटकाभर माझ्यावर बसवा आणि विचारा, जमेल का.

जावयाचा तो कागद त्या संध्याकाळी माझ्याखालीच राहिला. पायरीवर बसल्या बसल्या बहिणीनं त्यावर पेनानं एक रकाना वाढवला होता. वर लिहिलंय 'आई'. खाली अकरा चौकोन आहेत, अकराही कोरे.