दक्षिणेकडं पाय

फुकटचा पाहुणचार दिसला की गवराबाईच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. रहाटणीहून गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून ती आणि तिचा नवरा गेनबा पिंपरीच्या अंगाला नव्या दवाखान्यात लेकाला भेटायला यायचे. तर तिथं दारात मांडव काय, बसायला घोंगड्या काय, माठात वाळा घातलेलं गार पाणी काय! भाकरी थापायला वेगळी चूलसुद्धा. लग्नघरी तरी इतकं कोण विचारतं हो?

"उगंच कुणी कुणाला पाट मांडत न्हाई," ती गेनबाला म्हणाली. "ह्यांच्या पोटात काय तरी हाय."

"अगं, येणाराजाणाराला बरं वाटावं म्हणून केलंय. कुसुमताई म्हनल्या की."

कुसुमताई म्हणजे तिथली नर्स. गोड बोलायची. आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा तर गवराबाईला पहिल्यापासूनच संशय.

बन्सी तिचा एकुलता एक. कंपनीत लागला काय आणि छातीत पाणी होऊन आडवा पडला काय. आज ती खोलीत शिरली ती दारातच थबकली. बन्सीशेजारची खाट रिकामी होती.

"हितला म्हातारा कुठं गेला?"

"बरे होऊन घरी गेले ते," कुसुमताई हसून म्हणाल्या आणि औषध आणायला बाहेर पडल्या.

"कंच्या घरी, कुणाला ठावं!" गवराबाई पुटपुटली.

मग तिनं फरशीवरच्या उन्हाकडे बघितलं, खाटांकडे बघितलं, आणि दिशा ताडून पाहिली. खोलीतल्या एकूण एक माणसाचे पाय दक्षिणेला! पायाशी ही भलीमोठी खिडकी. अरे देवा, जित्या माणसाला असं कोण निजवतं? तान्हं पोर चुकून तसं लोळलं तरी आई त्याला उचलून फिरवते. दक्षिणेला पाय करतात ते मढ्याचे. बाहेरचा मांडव, घोंगड्या, पाणी, सगळ्याचा तिला एका दमात उलगडा झाला. रडायला जमणाऱ्यांची सोय होती ती!

"बघताय काय? धरा खाट!" ती नवऱ्यावर खेकसली.

"अगं, त्या वरडतील."

"वरडू द्या. माझं प्वार मढं न्हाई."

लोखंडी खाट करकरत फिरली. बन्सीचे पाय उत्तरेच्या भिंतीकडे झाले आणि गवराबाईचा जीव भांड्यात पडला. बन्सीनं डोळे उघडले, तर समोर कोरी भिंत.

"आये, खिडकी कुठं गेली?"

"कशाला पायजे तुला खिडकी? यमाच्या दारात पाय ठिवून निजवलं हुतं तुला!"

"तितनं तुमी येताना दिसता गं," बन्सी हळूच म्हणाला. "आबा तुझा हात धरून पानी उतरत्यात. मग तू लुगडं खोचून रागारागानं चढ चढतीस. दिसभर मी हितं करू काय? तेवढंच बघतो. त्यो म्हातारा बी सुना येताना दिसल्या की उठून बसायचा. बसता बसता चालाय लागला. काल सोताच्या पायानं गेला की घरी."

दारात कुसुमताई औषधाची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत.

"आपली माणसं येताना दिसावीत म्हणून डॉक्टरांनी खिडकी मुद्दाम तिकडं करून घेतली, बाई," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या जिवाला घोर लागत असेल, तर राहू द्या खाट अशीच."

आता घ्या! संशय घ्यावा तर त्यालाही जागा ठेवली नाही बाईनं. गवराबाईनं लेकाच्या तोंडाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता, आणि ते काही तिला बघवेना.

तिनं खाट धरली. गेनबा पुढं सरसावला तसा तिनं त्याला अडवलं. "तुमी हात लावू नका. काय लागायचं ते पाप मला लागू दे."

तिनं एकटीनं खाट लोटली. लेकाचे पाय दक्षिणेला केले, त्यांच्यावर पांघरूण घट्ट खोचलं आणि मागं न बघता बाहेर पडली.

नदीच्या मध्यावर मात्र तिच्यानं राहवलं नाही. वळून बघितलं तर खिडकीत बन्सी उठून बसलेला.

"पड की रं, वारं लागंल!" ती ओरडली, पण स्वतः काही पाण्यातून हलेना.

"चल की आता," गेनबा म्हणाला.

"थांबा वाईच," ती म्हणाली. "त्याला दिसू द्या."