बाहेरचा तट

मर्विन टकरने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि दुसरा कोपरा स्वतःच्या पंजाने दाबून धरला. हेलेद बेननने नकाशाकडे एकदाच पाहिलं. तो जुना होता.

"ही लाल रेघ म्हणजे तुमचा किल्ला," मर्विन म्हणाला. "रेघेच्या आत मी बोटसुद्धा लावत नाही. बाहेरची जागा तेवढी सपाट करून घेतो. वीस तंबू आरामात लागतील. स्वान्सीची माणसं शनिवारी समुद्र बघायला येतात आणि झोपायला जागा नाही म्हणून परत जातात. बरोबर ना?"

दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी या टेकडीभोवती मातीचे तट घातले होते. आतला तट माणसाच्या उंचीचा, कुणालाही दिसेल असा. बाहेरचा मात्र झिजून झिजून गवताखालचा नुसता फुगवटा राहिला होता. तीन वर्षांपूर्वी विमानातून मोजणी झाली तेव्हा तो सापडला, लाल रेघ त्याच्याही बाहेर सरकली आणि तसं पत्र नव्या नकाशासह मर्विनच्या घरी गेलं. त्याने ते फोडलंही नसणार, हे हेलेदला आत्ता कळलं.

स्वान्सीच्या आसपासची संरक्षित स्मारकं सांभाळायची, ती ज्यांच्या जमिनीत आहेत त्यांना सीमा कुठे आहे ते सांगायचं, हीच तिची नोकरी होती. एक वाक्य पुरलं असतं.

"तुमच्याकडे कागद आहेत, मिस्टर टकर," ती म्हणाली. "कागद बघून काय ते करा."

"मिस्टर टकर काय गं. लहानपणी अंकल मर्विन म्हणायचीस."

"लहान होते तेव्हा."

तो हसला आणि नकाशाची घडी घालायला लागला. हेलेद गाडीत बसली.

सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांच्या शेतात एक उभा दगड होता, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी रोवलेला आणि कायद्याने संरक्षित. इडवाल बेनन रोज सकाळी मेंढ्या सोडताना त्याच्यावर थाप मारायचा, जशी एखाद्या जुन्या सोबत्याच्या पाठीवर मारावी. मार्चमधल्या एका सकाळी तो दगड आडवा पडलेला सापडला. मधोमध दोन तुकडे, आणि बुंध्यावर साखळीचे ओरखडे. चिखलात ट्रॅक्टरच्या चाकाचा माग होता आणि दर फेऱ्याला एक खाच त्यात गायब होती. शेजारच्या मर्विनच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा एक दात तुटलेला आहे, हे वीस वर्षांच्या हेलेदला माहीत होतं. पोलीस यायच्या आत पाऊस आला आणि माग धुऊन गेला.

कोर्टात मर्विनने शपथेवर सांगितलं, "इडवालला साखळी लावताना मी या डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला म्हटलंही, असं करू नकोस." इडवाल चॅपलमध्ये डीकन, म्हणजे तिथला कारभार बघणाऱ्या मानकऱ्यांपैकी एक होता आणि गायनातल्या खालच्या पट्टीचा सगळा भार त्याच्यावर होता. शिक्षा झाल्यावर त्याला कुणी ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही, फक्त बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसेना. त्याने डीकनपद सोडलं, मग गाणं सोडलं, मग ते शेतच विकून टाकलं. घेतलं मर्विनने. तिसऱ्या वर्षी गोठ्याच्या दारात इडवाल कोसळला तो परत उठला नाही.

हेलेद या नोकरीत आली ती दगडांच्या प्रेमापोटी, असं सगळे समजत. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

जेसीबी आला त्या सकाळी ती समोरच्या उतारावर पिवळ्या काटेरी झुडपांच्या आड उभी होती. पहिला घास घेतला तेव्हाच ओरडायला हवं होतं. तिने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. एका घासाला ताकीद मिळते, हे तिला कामातूनच माहीत होतं. दुसरा घास, तिसरा. हिरवळीखालून लाल माती निघाली, मग जळक्या लाकडाचा काळा थर, आणि मग यंत्राच्या दातांमधून गोल गोल गोटे सांडले. समुद्रावरून एकेक निवडून आणलेले, गोफणीचे. कुणीतरी हल्ल्याच्या भीतीने तटाच्या पोटाशी रचून ठेवलेले आणि दोन हजार वर्षं कुणीही न हलवलेले. तरी ती उभीच राहिली. अर्धा तट गेल्यावर तिने फोटो काढले, मग फोन लावला.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. टेग्वेन ब्याऐंशी वर्षांची होती आणि तव्यावर वेल्श केक उलटत होती.

"तू बघत होतीस?"

"हो."

"किती वेळ?"

"तासभर."

टेग्वेनने एक केक उचलून ताटलीत ठेवला. "अजून थोडं खणू द्यायचं होतंस," ती म्हणाली आणि साखरेचा डबा शोधायला लागली.

इडवालला शिक्षा झाली होती त्याच इमारतीत खटला चालला. मर्विनचा वकील म्हणाला, "माझ्या अशिलाने या बाईंना नकाशा दाखवला होता. त्या गप्प राहिल्या. त्यांनी सीमा सांगितली असती तर हे घडलंच नसतं." न्यायाधीशांनी हेलेदकडे पाहिलं.

"त्यांनी मला नकाशा दाखवला नाही," हेलेद म्हणाली. "आम्ही मेंढ्यांबद्दल बोललो."

मर्विन उभा राहिला. "खोटं बोलतेय ती. शपथेवर खोटं बोलतेय."

त्याला खाली बसायला सांगितलं. हेलेदला जिभेवर काहीतरी गोड पसरल्यासारखं वाटलं, आणि तिने त्याची लाज धरली नाही. मर्विनला भारी दंड झाला, तट पुन्हा बांधून देण्याचा हुकूम झाला, तंबूंचा बेत बुडाला. वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या रविवारी चॅपलमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

महिन्याभराने तो तिच्या दारात आला. दाढी वाढलेली, टोपी हातात.

"आत नको, इथेच बोलतो," तो म्हणाला. "वरच्या कोर्टात जायचंय मला. तू खरं सांगितलंस तर मी सुटतो."

"कसलं खरं?"

"हेलेद, पोरी, आपण दोघंच आहोत इथे." त्याने टोपी गोल फिरवली. "तो दगड माझ्या हातून पडला. तुमच्या शेतातून ॲशच्या झाडाचं खोड ओढून नेत होतो, जवळची वाट म्हणून. साखळी दगडाला अडकली. घाबरलो मी. मग एकदा तोंडातून निघून गेलं ते गेलं."

हेलेदने चौकट धरली. इतकी वर्षं तिला माहीत होतं. त्याच्या तोंडून ते आज पहिल्यांदा ऐकलं.

"तू तुझं सांग, मी माझं सांगतो," तो म्हणाला. "इडवालचं नाव धुऊन निघेल."

"आधी तुम्ही," ती म्हणाली. "चॅपलमध्ये. सगळ्यांसमोर."

"आणि मग तू?"

"आधी तुम्ही."

त्याने त्याचा अर्थ होकार असा घेतला. तिने तो घेऊ दिला.

रविवारी शेवटचं स्तोत्र झाल्यावर मर्विन उठला. चाळीसेक माणसं होती, बहुतेक म्हातारी, बहुतेकांना इडवालचा आवाज आठवत असलेली. तो अडखळत बोलला, पण सगळं बोलला. साखळी, खोड, शपथ. "इडवालने काही केलं नव्हतं," तो म्हणाला, "आणि मी त्याच्या मयताला पुढच्या रांगेत उभा होतो." कुणीतरी रडायला लागलं. ऑर्गन वाजवणारी बाई खाली येऊन टेग्वेनच्या पायाशी बसली. टेग्वेनने कुणाकडेही पाहिलं नाही. ताठ बसून तिने हातमोजे घातले, एकेक बोट नीट ओढून.

बाहेर फाटकापाशी मर्विन वाट बघत होता. हेलेद आईला धरून येत होती.

"माझं झालं," तो म्हणाला. "आता तुझं. उद्या वकिलाकडे येतेस?"

"नाही."

त्याला ते नीट कळलं नसावं. "मग परवा?"

"मी येणार नाही, मिस्टर टकर. तुम्ही मला नकाशा दाखवला नव्हता."

त्याचा चेहरा पडत गेला तो तिने शेवटपर्यंत पाहिला. सव्वीस वर्षं तिने हा चेहरा मनात रंगवला होता. प्रत्यक्षात तो फक्त एका थकलेल्या म्हाताऱ्याचा निघाला. तिला दया आली नाही. यायला हवी होती, एवढं मात्र वाटलं.

"तुझ्या बापाचं मी जे केलं, तेच तू माझं करतेयस," तो पुटपुटला. मग स्वतःच दचकला.

"हो," हेलेद म्हणाली.

गाडीत टेग्वेनने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. वळणावर म्हणाली, "इडवालने असं केलं नसतं."

"माहितीय."

"म्हणून तर मेला तो," टेग्वेन म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.

वरच्या कोर्टातही निकाल फिरला नाही. वसंतात तुटलेल्या तटाची नीट नोंद करायला उत्खनन करणारी मंडळी आली. त्यांच्यातल्या प्रमुख बाई, नेस्ता प्रॉथेरो, साठीच्या, उन्हाने रापलेल्या. त्यांनी कापलेल्या मातीवर पाणी शिंपडलं, थर उजळले, आणि त्या कितीतरी वेळ उकिडव्या बसून बघत राहिल्या.

"परत बांधतील तो मातीचा ढीग असेल," त्या म्हणाल्या. "तट गेला तो गेला." हातातलं खुरपं त्यांनी पँटला पुसलं. "मला एक कळत नाही. शेतकऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं का, सीमा कुठे आहे ते?"

हेलेद मोजपट्टीचं दुसरं टोक धरून उभी होती. वारा समुद्राकडून येत होता.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही सांगितलं."

नेस्ताबाईंनी मान हलवली आणि आकडा वाचून दाखवायला सांगितलं. हेलेदने वाकून आकडा वाचला.