टिकलीचा रिपोर्ट आणि घरघंटीखालचा शब्दकोश

मित्रांनो, घरघंटीच्या आखूड पायाखाली चार वर्षं दबून राहिलेला जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश सहसा बोलत नाही. दळण चालू असलं की त्याचं सर्वांग थरथरतं आणि बंद असलं की त्याला कुणी विचारत नाही. पण त्या रविवारी केंदूरला जे घडलं, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आठवलं तरी अजून माझी पानं वाऱ्याशिवाय फडफडतात.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यातला. माझी भावंडं काचेच्या कपाटांत गेली आणि तिथं सुरक्षितपणे न वाचता राहिली. मी मात्र बक्षीस म्हणून केंदूरला आलो. या घरचे कर्ते आबा; त्यांचा धाकटा भाऊ बिरदेव दहावीला इंग्रजीत पहिला आला, तेव्हा शाळेनं मला त्याच्या हातात ठेवलं. मेंढरांमागं फिरणाऱ्या घराण्यात शिरलेलं मी पहिलं जाड पुस्तक. पहिल्याच आठवड्यात एका कोकरानं माझी शेवटची चार पानं खाल्ली. झेब्रा म्हणजे काय, हे या घराला आजही माहीत नाही, आणि कुणाचं काही अडलेलंही नाही.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. तार आली की मला बोलावणं. औषधाच्या बाटलीवर काही लिहिलेलं असलं की मला बोलावणं. चार कोस चालत लोक यायचे, चप्पल बाहेर काढायचे आणि बिरदेवपेक्षा माझ्याकडं जास्त आदरानं बघायचे. मग बिरदेव रेल्वेत लागून दौंडला गेला. त्यानंतर मोबाइल आला. आणि मग घरघंटी आली, जिचा एक पाय कंपनीकडूनच आखूड होता. घरातल्या सगळ्या वस्तू लावून पाहिल्या. माझी जाडी तंतोतंत जमली. विद्वत्तेचा इतका अचूक उपयोग त्याआधी कुणी केला नव्हता.

आता टिकलीबद्दल सांगतो. टिकली ही आबांच्या घरची घोडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. आमच्याकडं बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते आणि तिला गाठायला बैल जीव तोडून धावतात. टिकली पुढं असली की आळशी बैलसुद्धा पळतात, अशी तिची ख्याती. आबांचा मुलगा हनुमंत तिला स्वतःच्या आधी चारा घालायचा, आणि त्याची मुलगी अंकिता, जी शिक्रापूरच्या कॉलेजात शिकते, कॉलेजातून आली की आधी तिच्या मानेला मिठी मारायची.

यात्रा दोन दिवसांवर आली होती. नदीपलीकडच्या एका तबेल्यात ग्लँडर्स या घोड्यांच्या आजाराची साथ निघाली होती, म्हणून आसपासच्या सगळ्या घोड्यांचं रक्त तपासायला गेलं होतं. हा आजार माणसालाही लागतो. एकदा ठरला, की नियमानं घोडं मारून पुरावं लागतं. रविवारी दुपारी हनुमंतच्या फोनवर टिकलीचा रिपोर्ट आला. दोन पानं इंग्रजी आणि तळाशी एकच ठळक शब्द: इक्विव्होकल.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या सुषमा मॅडमना फोन लावला. त्या कुठल्याशा वस्तीवर एका गाईच्या बाळंतपणात खांद्यापर्यंत गुंतल्या होत्या. मग अंकितानं शब्द फोनमध्ये टाकला. फोननं पटकन उत्तर दिलं: संदिग्ध. सगळ्यांनी मान डोलावली. थोड्या वेळानं लक्षात आलं, की संदिग्ध म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नाही.

पण माहीत नसल्यामुळं कुणाचं मत अडत नाही. यात्रा कमिटीचे अध्यक्ष आनंदराव तोवर येऊन बसले होते. त्यांचे बैल टिकलीच्याच मागं पळायचे. त्यांनी रिपोर्ट आधी उलटा आणि मग सुलटा धरून पाहिला आणि निकाल दिला: आजार असता तर पॉझिटिव्ह लिहिलं असतं, तसं लिहिलेलं नाही, अर्थात घोडी ठणठणीत, मंगळवारी शर्यतीच्या घाटात आणा. हनुमंतनं त्याच शब्दातून टिकलीचं मरण वाचलं. चांगलं असतं तर सरळ लिहिलं असतं, एवढा अवघड शब्द कोण कशाला वापरेल? सरकारी गाडी येऊन तिला नेण्याआधी यवतच्या पाहुण्यांच्या गोठ्यात लपवायची, असं त्यानं ठरवलं आणि पिकअपवाल्याला बोलावलंसुद्धा. एकच शब्द, पण एकाला त्यात शर्यत दिसली आणि दुसऱ्याला खड्डा.

पिकअप अंगणात रिव्हर्स येऊ लागला. त्याच्या फाळक्याकडं बघत अंकिता रडायच्या बेतात आली. तेव्हा आबांच्या मंडळी म्हाळसाबाई चुलीपासून न उठता म्हणाल्या, "घरघंटीखाली बिरदेवभावजींचं पुस्तक हाय. ते तरी बघा."

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. आनंदराव आणि हनुमंत, मघाशी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं, घरघंटीला दोन बाजूंनी भिडले. चार वर्षांनी माझ्या पाठीवरचं ओझं उठलं. अंकितानं पदरानं पुसावं तसं मला ओढणीनं पुसलं. पिठाचा एवढा लोट उठला की आनंदरावांना सात शिंका आल्या. ‘ई’ची पानं पिठानं चिकटली होती. अंकिता नखानं ती एकेक सोडवत होती आणि मी मनात म्हणत होतो, अजून थोडं पुढं, पोरी, अजून दोन पानं.

आणि सापडला. ती मोठ्यानं वाचू लागली. ज्याचा अर्थ एकाहून अधिक प्रकारे लावता येतो असा. ज्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असा. खाली वापराचा नमुना: ‘साक्षीदाराने इक्विव्होकल उत्तर दिले, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला पुन्हा विचारले.’

"म्हणजे माझंच बरोबर," आनंदराव म्हणाले.

"माझं बरोबर," हनुमंत म्हणाला, आणि टिकलीचा दोर सोडायला वळला.

तेव्हा आबा उठले आणि दाव्याजवळ जाऊन उभे राहिले. ते कधी शाळेत गेले नाहीत, पण बिरोबाच्या देवळात कौल लावायचं काम त्यांच्या घराण्याकडं. देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही.

"हनुमंता, कवा कवा फूल पडतच न्हाई," आबा म्हणाले. "तवा आपण काय करतो?"

हनुमंत दोराची गाठ सोडवायची थांबला.

"तवा देवानं व्हय म्हणलं न्हाई आन् न्हाईबी म्हणलं न्हाई. आपल्या मनानं फूल ढकलायचं नसतं. आंघोळ करून परत इचारायचं. ह्ये तसंच हाय. फूल अडकलंय."

आनंदरावांनी विचारलं, मग मंगळवारी गाडा कुणाच्या मागं पळायचा? आबांनी त्यांना घाटातल्या हौदाची आठवण करून दिली. तिथं पंधरा घोड्या एकाच पाण्याला तोंड लावतात. शिवाय हनुमंतच्या पाहुण्यांच्या गोठ्यात तान्हं शिंगरू होतं. आनंदराव टोपी काढून ती झटकत बसले. पीठ तर केव्हाच उडालं होतं. हनुमंतनं पिकअपवाल्याला हातानंच परत जायची खूण केली.

चारच्या सुमाराला सुषमा मॅडमचा फोन आला. त्यांनी अर्धा तास समजावलं: घोडी गावाबाहेर हलवू नका, वेगळी बांधा, तिची बादली वेगळी ठेवा, रक्त पुन्हा पाठवू. आबा म्हणाले, "व्हय, आमचं तेच ठरलंय." मॅडमना वाटलं, केंदूरला कुणी दुसरा डॉक्टर आला असावा.

मंगळवारी आनंदरावांचे बैल घोडीशिवाय पळाले, म्हणजे अर्ध्या घाटापर्यंत. तिथं ते थांबले आणि प्रेक्षकांकडं बघत राहिले. टिकलीला वेगळं बांधलं होतं त्या शेतातल्या शेडपर्यंत ढोलांचा आवाज येत होता. टिकली कान टवकारून खूर आपटत होती, आणि अंकिता लांब उभी राहून तिच्याशी बोलत होती. बारा दिवस तिनं मिठी मारली नाही. तेराव्या दिवशी दुसरा रिपोर्ट आला. आजार नाही. शब्द सरळ होता, तरी अंकितानं तो माझ्यात तपासला, दोनदा. मग ती धावत सुटली. तिच्या पाठोपाठ हनुमंत, आणि हातात गुळाचा खडा घेऊन आनंदराव.

त्या दिवसापासून मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. म्हाळसाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं आणि बजावलं, की याला आता कुणी हात लावायचा नाही. मित्रांनो, घरघंटीखाली मला निदान धान्याची बातमी लागायची. पुस्तकाला कुंकू लावून मिटून ठेवणं आणि पायाखाली ठेवणं यात पुस्तकाला फारसा फरक कळत नाही. तुमच्या घरी माझं कुणी भावंड असलं, तर त्याला उघडा. आणि जिथं आम्हीच सांगतो की अर्थ पक्का नाही, तिथं तुम्ही आपल्या मनानं फूल ढकलू नका.

अंकिता मात्र बंदी मानत नाही. परवा तिनं मला खाली काढलं, ते पान उघडलं आणि समासात निळ्या पेनानं बारीक अक्षरात लिहिलं: ‘फूल अडकलंय. परत विचारा. – आबा.’

चाळीस वर्षं मी या घराला अर्थ देत आलो. या घरानं मला दिलेला हा पहिला.