मामांच्या काठीने मापलेला हंस

नाट्यगृहाच्या छताला टांगलेला लाकडी हंस वाळवीने पोखरला होता. तो अंगणात काळ्या कापडावर उतरवून जुन्या वस्तूंची मापं टिपणाऱ्या मोजणीवालीने चहूबाजूंनी त्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी उचलायला गेले तर हंसाचा भुगा झाला. तिला काळजी नव्हती. फोटो जुळवून तिने संगणकावर हंस पुन्हा उभा केला, पीस न् पीस जागच्या जागी. फक्त तो केवढा होता, हे कळेना. फोटोत ठेवायची मोजपट्टी तिने स्वतःच्या हाताने काळं कापड ताणायला म्हणून कापडाखाली खोचली होती. एकाही फोटोत ती नव्हती.

नवा हंस घडवायला सुतार एकुलता एक सुकलेला ओंडका मांडून बसला होता. "माप चुकलं तर लाकूड गेलं," तो म्हणाला. "आणि हंसाचं बदक होईल ते वेगळंच."

तिचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात संगणकाच्या पडद्यावर, चित्राच्या कोपऱ्यात बसलेले तिचे मामा दिसले. कापड उडू नये म्हणून त्यांना राखणीला बसवलं होतं. फोटो काढताना मधे जे हललं, ते या जुळवलेल्या चित्रात विरून जातं. कबुतरं विरली होती, सुताराचं अर्धंच ढोपर उरलं होतं. पण मामांच्या हनुवटीखालची काठी मुठीपासून टोकापर्यंत लख्ख होती. काठी मोजली की हंसाचं माप निघणार होतं. मोजणीवाली उड्या मारतच मामांकडे पोचली.

मामा घरात पाय शेकत बसले होते. हंसाभोवती चकरा मारून पाय गेले, असं सांगून दोन दिवस ते मामींकडून सेवा करून घेत होते. डोळ्यांत तेल घालून राखण केली, हे त्यांनी तिलाही ऐकवलं.

"मग काठी कामाची नाही," ती म्हणाली. "तुम्ही गाढ झोपला असाल तरच माप खरं. नीट आठवून सांगा, मामा. सुतार करवत घेऊन बसलाय."

मामांनी मामींकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. "झोपलो होतो," ते पुटपुटले. "बसल्याबरोबर."

मामींनी शेकायची पिशवी उचलली. "काठी घेऊन जा गं. यांचे पाय आता ठणठणीत आहेत."

काठीवरून माप निघालं, ओंडका पुरला, हंस छताला चढला. नाटकाच्या पहिल्या दिवशी मामा बरोबर त्याच्याखाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, याचं माप मी दिलंय. पडदा वर जायच्या आत त्यांची हनुवटी काठीवर टेकली होती.