मेजरची वाकळ

तुळसाबाईने सुई तेलकट केसांतून एकदा फिरवली आणि दोरा ओवलेला असूनही लेकीपुढे धरली.

"घे, पहिला टाका तू घाल. मले दिसत नाही बरोबर."

साधनाने ओवलेला दोरा पाहिला, आईकडे पाहिलं आणि टाका घातला. ओसरीत जुन्या धोतरांचे थर अंथरले होते. वर कोपऱ्याजवळ हिरव्या लुगड्याचा चौकोन होता, टाका त्यात बसला.

"कोनासाठी शिवून राह्यली, माय?"

तुळसाबाईच्या तोंडात उत्तर तयार होतं. बाहेर येईपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी झालं.

"मेजरसाठी."

मेजर म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. तुळसाबाईच्या नवऱ्याने, शालिग्रामने ते बाजारातून वांग्यांच्या पिशवीत घालून आणलं होतं. बसण्याची ऐट पाहून त्याने नाव मेजर ठेवलं. पिल्लू कोंबडीला भिऊन पळतं हे नंतर कळलं, पण तोवर नाव केनवड गावभर झालं होतं. या वीतभर प्राण्यासाठी आता पाच पदरांची, नवराबायकोला पुरेल एवढी वाकळ शिवली जाणार होती.

तुळसाबाईच्या माहेरची रीत अशी, की सासरी जाणाऱ्या लेकीसाठी मायने वाकळ शिवायची, पहिला टाका लेकीकडून घ्यायचा आणि लेकीने "माय, पांघरूण दे" म्हटलं की द्यायची. न मागता दिलेल्या वाकळेत ऊब राहत नाही म्हणे. साधना सहा वर्षांपूर्वी कचेरीत सह्या करून तांड्यावरच्या रविकांतकडे निघून गेली, तेव्हा कोणी मागितलं नाही आणि कोणी दिलं नाही. तांडा पोहरादेवीजवळ. वाशीमला एकदा गाडी बदलली की पोचता येतं. तुळसाबाईला ती गाडी अजून सापडलेली नव्हती.

यंदा शालिग्रामनेच लेकीला फोन करून आठवडाभर बोलावलं. फोन चालू असताना तुळसाबाई शेजारी उभी राहून, घासलेली भांडी पुन्हा घासत होती.

आठवडाभर घरात पाहुण्यांची रीघ लागली. यायचे सगळे साधनाला बघायला. पण तिच्याशी काय बोलावं हे कोणालाच सुचत नसे, म्हणून मग सगळे कुत्र्याच्या वाकळेवर बोलत. ही सोय इतकी चांगली होती, की दोन बाया घरून टाके घालायला सुयाही घेऊन आल्या.

"कुत्र्यासाठी पाच पदर?" नणंद चंदा म्हणाली. "मह्या बुढ्याले दोन पदरी हाये, वहिनी."

"त्याले थंडी वाजते."

"बुढ्याले का कुत्र्याले?"

"एक मुंडासं बी शिव त्याले," शालिग्राम बाजेवरून म्हणाला. "अन् मंग चांगली पोरगी पाहू."

पोरगी पाहू म्हटल्यावर ओसरीतल्या सगळ्या माना खाली गेल्या. मग सगळ्यांनी टाके घातले.

साधना एका चौकोनावरून हात फिरवत होती. "हे हिरवं लुगडं कोन्तं, माय? पाह्यल्यासारखं वाटते."

"याचीच झोयी होती तुही. याच्याबिगर झोपत नव्हती तू."

"मंग हे काहून फाडलं?"

तुळसाबाईने दोरा दातांनी तोडला. "मऊ हाये. कुत्र्याले मऊ लागते."

दुसऱ्या दिवशी अर्धी वाकळ शिवून झाली आणि वाकळ रडायला लागली. बाया सुया टाकून मागे सरकल्या. चंदाने हात जोडले. पदर चाचपल्यावर कळलं, की मेजर उघड्या बाजूने आत शिरून झोपला होता आणि पाचजणींनी गप्पांच्या भरात त्याला चारी बाजूंनी शिवून टाकलं होतं. टाके उसवून त्याला ओढून काढलं, तेव्हा त्याच्या शेपटीला दोरा अडकलेला होता. साधना हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली आणि हसता हसता आईच्या खांद्यावर कलंडली.

तुळसाबाई हलली नाही. खांदा हलू नये म्हणून तिने श्वासही जपून घेतला. आता खरं काय ते म्हणावं, म्हणून तोंड उघडलं.

"पण तुले देली असन की सासूनं वाकय," चंदा मध्येच साधनाला म्हणाली. "लमान बायांचा हात मोठा साफ."

साधना सरळ होऊन बसली. "देली ना. गेली त्याच दिवशी मोतीबाईनं अंगावर टाकली. मागायचं कामच नाही पडलं."

यानंतरचे टाके तुळसाबाईने इतके आवळले, की वाकळ तिथे चुणली ती चुणलीच.

साधना निघायच्या आदल्या संध्याकाळी वाकळ पुरी झाली. तुळसाबाईने घडी करून ती लेकीच्या बॅगेजवळ ठेवली आणि स्वतःही तिथेच टेकली.

"काही राह्यलं का तुह्यं?"

"नाही."

"काही पाह्यजे असन त सांग."

"चटनी देली ना तू."

"चटनीचं नाही म्हनत मी."

 घडीवर साधनाची बोटं क्षणभर टेकली. मग तिने बॅगेची चेन ओढली. "कैची कुठी हाये, माय? ब्यागचा दोरा लोंबून राह्यला."

तुळसाबाईने कैची दिली.

सकाळी शालिग्रामने गाडीला किक मारली. साधनाने वाकळ उचलली, तेव्हा तुळसाबाई चुलीपासून उठून दारापर्यंत आली. पण साधनाने ती ओसरीत नेऊन दुहेरी अंथरली. पाठमोरी वाकून ती बराच वेळ कडा सारख्या करत बसली आणि मग मेजरला उचलून मधोमध ठेवलं.

"घे रे बाबू, तुही वाकय."

ती पाया पडली. तुळसाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही पिठाचा. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि तरीही ती दारातच होती. आत येऊन पाहते तर मेजरने वाकळेवर मुतून घेतलं होतं.

वाळत टाकायला तिने वाकळ दांडीवर पसरली आणि कोपऱ्यातून सकाळचं ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. हिरवा चौकोन नव्हता. तिने बोटाने कड चाचपली. पाचही पदर सरळ रेघेत कापलेले होते. पहिला टाकाही त्यासोबत गेला होता.

थोड्या वेळाने चंदा आली. "बाप्पा! फाडली का त्यानं?"

मेजर पायरीवर बसून कोंबडीपासून नजर चोरत होता.

"हो ना," तुळसाबाई म्हणाली. "दात येऊन राह्यले त्याले."

"मंग ठिगय लाव की. भोक मोठं हाये."

तुळसाबाईने सुई केसांतून एकदा फिरवली, वाकळ मांडीवर घेतली आणि भोकाच्या कडा आत दुमडून बारीक टाके घालू लागली. भोक उसवू नये असे, आणि बुजूही नये असे.