तीन शिफ्टचा पाहुणा

आमच्या ब्रेडच्या कारखान्यात मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे कसाईण. म्हणोत बापडे. जिभेला हाड नसतं, आणि माझ्याही जिभेला नाही.

भांडण शेठवरून झालं. शेठ म्हणजे कारखान्याचा कुत्रा. पिल्लू असताना मैद्याच्या गोणीमागे सापडला. पुढे पोट इतकं सुटलं की दुसरं नाव शोभलंच नसतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचा हा तीन शिफ्टचा पाहुणा तुपाशी. शिफ्ट बदलली की दारात जाऊन असा काही केविलवाणा उभा राहायचा, की येणाऱ्याला वाटावं, आधीच्या लोकांना काळीजच नाही. मग टोस्टचे तुकडे, केकच्या कडा, लोण्याचा कागद. प्रत्येक शिफ्टला खात्री, की याला जगवतोय तो आपणच. मीही घातलेत, खोटं कशाला बोलू?

मग शेठला गाडीत माल चढवायच्या ओट्यावर चढता येईना. चार पायऱ्या, पण दुसरीवरच धापा टाकत बसायचा. त्याची झोपायची जागा वर, गोदामाच्या दाराशी. सुपरवायझर म्हणाला, "राखणीचा कुत्रा वर चढत नसेल तर ठेवायचा कशाला? महिनाअखेरीस कोंडवाड्याची गाडी बोलावतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याला ब्रेडच्या गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बरगड्या चाचपल्या, म्हणजे शोधल्या. म्हणाल्या, "याला उपाशी ठेवू नका, नीट जेवू घाला. उकडलेलं मांस नाहीतर अंडं, थोडा भात, भोपळा, गाजर. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. मोजून दोन वेळा, आणि पाणी भरपूर. पाव, साखर, लोणी बंद. आणि मनुका चुकूनही नको. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते विष आहे."

मनुकांचा बन हा आमचा सगळ्यात भारी माल, आणि तो शेठला रोज मिळायचा. देणारे होते माझे धाकटे दीर, रात्रीच्या भट्टीवरचे.

मी तिन्ही शिफ्टना सांगून टाकलं, मनुका म्हणजे त्याला विष, शेठचं जेवण माझ्या घरून येईल आणि दुसरं कुणी काही घालायचं नाही. झालं! मशीनवाला म्हणाला, "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढतेस?" मी म्हटलं, "मुका आहे म्हणून तर तुमचं फावतंय. बोलता आलं असतं तर पोट दुखतं म्हणाला असता."

पण शेठनेच माझं नाक कापलं. भोपळा-भात हुंगला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पॅकिंगच्या टेबलाखाली बसून असा विव्हळायचा की बायका माझ्याकडे बघायच्या बंद झाल्या. माझं काळीज तुटत होतं. पाकिटं बांधताना दोनदा हात टोस्टकडे गेला आणि दोनदा मीच मागे घेतला. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या की मांसाचं पाणी वर घाला आणि बघा. तसं केल्यावर पठ्ठ्याने वरचं मांस तेवढं वेचून खाल्लं. माझ्यासाठी तेही पुष्कळ होतं.

तरी त्याचं पोट काही उतरेना. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी पहाटे लवकर निघून थेट भट्टीमागे गेले. दीर खोक्यावर बसले होते, हातात मनुकांचा बन, आणि समोर शेठ लाळ गाळत. मी तो बन हिसकावला आणि तिथेच उभ्याउभ्या अख्खा खाल्ला. घशात अडकला, तरी खाल्ला.

"वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला?"

"विष घालताय त्याला, भाऊजी. ठाऊक असून."

"एवढ्याशा बनाने काय होतंय? इतकी वर्षं खातोय."

"म्हणूनच चार पायऱ्या चढत नाही."

ते खाली बघतच म्हणाले, "ती गेल्यापासून माझ्याबरोबर खायला दुसरं आहे कोण?"

जाऊबाई जाऊन दोन वर्षं झाली. एकाच घरात राहून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, याची मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी बन परत देणार नव्हते. खोकं ओढून त्यांच्यासमोर बसले. "आजपासून मी खाईन तुमच्याबरोबर. आणि त्याचं जेवण तुम्ही शिजवायचं. एवढी माया आहे ना, मग विस्तवापाशी उभी करा."

दीर रागाने आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण शिजवायला लागले. मांस आणि भोपळा असे काही कालवायचे की शेठला वेचताच येईना. झक मारत सगळं खाऊ लागला. दारात कुणी हात खिशात घातला, तर आता दीरच ओरडायचे.

महिनाअखेर आली तेव्हा शेठ तिसऱ्या पायरीपर्यंत पोचला होता. सुपरवायझरने फोन काढला. मी ओट्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. "बोलवा गाडी. माझा हिशेबही आजच करा. उद्यापासून पाकिटं तुम्ही बांधा." भट्टीचा ॲप्रन न काढताच दीर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मशीनवालाही आला, वर तोंड करून म्हणतो कसा, "आमच्या कुत्र्याला डाएट चालू आहे साहेब." सुपरवायझर पुटपुटत निघून गेला. गाडी आली नाही.

आता शेठ चारही पायऱ्या चढतो, अनोळखी माणसावर भुंकतो, आणि शिफ्ट बदलली की सगळ्यांच्या अंगावर उड्या मारतो. सगळ्यांच्या, म्हणजे मी सोडून. मला बघितलं की पाठ फिरवून बसतो. त्याच्या लेखी त्याचा बन खाणारी मीच.

बायका म्हणतात, "ताई, एक तुकडा दे ना, लगेच जवळ येईल."

नाही देणार. रुसू दे मेल्याला. रुसायला जगावं लागतं.